रमीक्यूब : मांडलेले सेट मोडण्याचा नियम नेमका काय आहे?

प्रश्न (तेरापानी)
आमच्या घरी दोन पिढ्या तेरा पानांची रमी खेळतात. आता मुलांसाठी रमीक्यूबचा संच आणला आहे. प्रत्येकाने चौदा टाइल्स घ्यायच्या, एकाच अंकाच्या वेगवेगळ्या रंगांचा सेट किंवा एकाच रंगाची सिक्वेन्स लावायची, इथवर सर्व ओळखीचे वाटले. मात्र दुसऱ्याने मांडलेले सेट मोडता येतात, हे पचनी पडत नाही. ते केव्हा आणि कितपत मोडता येतात? शिवाय एका व्हिडिओत खेळाडू दर वेळी एक टाइल शेजाऱ्यासाठी टाकताना दिसले. आमच्या नियमपत्रिकेत तसे काहीच नाही.

उत्तर (पटावरचा)
आधी व्हिडिओविषयी. तो बहुधा तुर्कस्तानातील ‘ओके’ हा खेळ असावा. त्यातही १०६ टाइल्स असतात, परंतु डाव हातातच जुळवायचा असतो आणि नको असलेली टाइल पुढच्या खेळाडूसाठी टाकायची असते. रमीक्यूबमध्ये टाइल टाकणे हा प्रकारच नाही. लावता आले नाही तर ढिगातून एक उचलायची आणि पाळी संपवायची.

आता मूळ शंका. पहिल्यांदा मांडताना, फक्त स्वतःच्या टाइल्समधून आणि एकाच पाळीत, किमान ३० गुण भरावे लागतात. उदाहरणार्थ लाल ९-१०-११ चालेल, पण ४-५-६ ला आणखी एका सेटची जोड लागेल. तोपर्यंत पटावरील कशालाही हात लावता येत नाही. एकदा उघडलात की पट सर्वांचा होतो. समजा, पटावर चारही रंगांचे ७ आहेत आणि तुमच्याकडे लाल ५ व लाल ६ आहेत. लाल ७ काढून घ्या, तुमची सिक्वेन्स लागली आणि मागे तीन टाइल्सचा सेट वैधच राहिला. तसेच निळ्या ३-४-५-६-७ मध्ये तुमच्याकडचा दुसरा निळा ५ घालून तिचे ३-४-५ आणि ५-६-७ असे दोन भाग करता येतात. अट एवढीच की पाळी संपताना पटावरील प्रत्येक गट किमान तीन टाइल्सचा आणि वैध असला पाहिजे, आणि पटावरून उचललेली टाइल हातात ठेवता येत नाही. तेरा पानांच्या रमीत सारी हुशारी हातातल्या पानांवर चालते. इथे नजर पटावर हवी, आणि सरावलेल्या पत्तेबाजांना ही सवय लागायला मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो, असे माझे निरीक्षण आहे.

उत्तर (काळा तेरा)
वरील उत्तराला दोन गोष्टी जोडतो. पाळीला साधारण एक मिनिटाची मर्यादा असते. मोडतोड करून पट जुळला नाही, तर सर्व पूर्ववत ठेवून दंड म्हणून तीन टाइल्स उचलाव्या लागतात. त्यामुळे मोठी फिरवाफिरव आधी मनात पूर्ण करून मगच हात लावावा. दुसरे म्हणजे १ हा नेहमी सर्वांत लहान असतो. १२-१३-१ अशी सिक्वेन्स चालत नाही, आणि एक्क्याची सवय असलेले इथेच अडकतात.

तेरापानी
आभारी आहे. पटावर मांडलेला जोकर परत सोडवता येतो का? आणि तो शेवटपर्यंत राखून ठेवणे शहाणपणाचे आहे का?

पटावरचा
जोकर ज्या टाइलच्या जागी आहे ती टाइल देऊन तो सोडवता येतो, पण त्याच पाळीत नव्या सेटमध्ये वापरावा लागतो. जोकर असलेला सेट मोडता येतो की नाही, याबाबत वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या नियमपत्रिकांत फरक आहे, म्हणून आपल्या संचातील पत्रिका वाचून खेळाआधीच ठरवून घ्यावे. राखून ठेवण्याविषयी माझे मत असे की, डावाच्या मध्यापर्यंत ठेवण्यास हरकत नाही, कारण पट भरत जातो तसा त्याचा उपयोग वाढतो. परंतु कोणाच्या रॅकवर तीन-चारच टाइल्स उरल्या, की तो लगेच काढावा. दुसऱ्याने डाव संपवला आणि जोकर तुमच्याकडेच राहिला, तर त्याचे ३० गुण तुमच्या खात्यातून वजा होतात आणि विजेत्याच्या खात्यात जमा होतात.