मदत हवी आहे (बोके): पणत्यांचे धूसर गोळे पंचकोनी येतात. ५० मिमी लेन्स बदलू की ८५ घेऊ?

घाटावरची

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीत मी हौशीच, नोकरी शाळेत. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आणि ओळखीच्या काकांकडून घेतलेली जुनी ५० मिमी एफ १.८ (दुसऱ्या आवृत्तीची, प्लास्टिक माउंटवाली).

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे चारला आम्ही पंचगंगा घाटावर गेलो होतो. धाकट्या जावेला पायरीवर बसवलं, मागे पणत्याच पणत्या. आधी १.८ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं ठेवून काढले. धूसर पणत्यांचे मधले गोळे छान गोल, पण कोपऱ्यातले दोन्ही बाजूंनी चेपलेले, लिंबाच्या आकाराचे. मग दीरही शेजारी येऊन बसले. दोघांचे चेहरे नीट यावेत म्हणून अ‍ॅपर्चर २.८ केलं, तर सगळ्या पणत्यांचे पंचकोन झाले! शिवाय प्रत्येक गोळ्याच्या कडेला उजळ रेघ, बांगडी ठेवल्यासारखी. किट लेन्सने काढलेल्यांत गोळे मुळात लहान, आणि झूम करून बघितलं तर आत कांद्याच्या चकतीसारखी वलयं. वर कुठेकुठे काळ्या पाण्यात हिरवट ठिपके, जिथे एकही पणती नव्हती.

आता पुढच्या महिन्यात जावेचं डोहाळजेवण आहे, घरीच. हॉलमध्ये फुलांचा झोपाळा आणि मागच्या भिंतीवर लायटिंगच्या माळा. फोटो माझ्याकडे आहेत. बजेट पंचवीस हजार, सेकंडहँड चालेल. मनात चार नावं आहेत: ५० एफ १.८ एसटीएम, ५० एफ १.४, ८५ एफ १.८ आणि एक विद्यार्थी सारखा सांगतो ती रशियन हेलिऑस. मागचं अगदी लोण्यासारखं धूसर कशात येईल?

तिसरीघंटा

धागा मांजरांचा समजून उघडला. बोके गोल आहेत की पंचकोनी, अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

जुनाभिंग

तिसरीघंटा, हा विनोद दर वर्षी कोणीतरी करतंच. शब्द जपानी आहे, बोके म्हणजे धूसरपणा. इंग्रजीत त्याच्या शेपटीला 'एच' चिकटवला तो १९९७ साली एका अमेरिकन फोटो मासिकाने, लोकांनी 'बोक' म्हणू नये म्हणून. मराठीला ती अडचण नाही, आपण आधीपासून बरोबरच म्हणतो.

ताई, तुमच्या एका पहाटेत पाच वेगवेगळे प्रकार झालेत. त्यातले दोन फुकटात सुटतील.

हिरवट ठिपके: ५० च्या पुढे 'संरक्षण' म्हणून साधा यूव्ही फिल्टर लावलेला असणार. दिव्याचा उजेड सेन्सरवर आपटून परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवरून पुन्हा आत येतो. खात्री करायची तर ठिपका आणि पणती यांच्यामध्ये रेघ ओढा, ती फोटोच्या बरोबर मध्यातून जाईल. रात्री फिल्टर काढून ठेवा.

पंचकोन: तुमच्या लेन्सच्या अ‍ॅपर्चरला पाचच पाती आहेत, तीही सरळ कडांची. १.८ वर पाती पूर्ण मागे सरकलेली असतात म्हणून गोळा गोल. जरा बंद केलंत की पात्यांचं भोक उमटतं. एसटीएमला सात गोलसर पाती आहेत, तिथे २.८ वरसुद्धा गोळे बऱ्यापैकी गोल राहतात.

लिंबं: यांना खरंच 'बोक्याचा डोळा' म्हणायला हरकत नाही, इंग्रजीतही मांजराचाच डोळा म्हणतात. कोपऱ्याकडे तिरका जाणारा उजेड लेन्सच्या नळकांड्याची पुढची आणि मागची कड मिळून कापते. अ‍ॅपर्चर थोडं बंद केलं की जातं. तुमच्या लेन्सला मात्र बंद केलं की पंचकोन. आड-विहीर!

कांद्याच्या चकत्या: किट लेन्समध्ये एक अ‍ॅस्फेरिकल (नेहमीपेक्षा वेगळ्या वक्राचं) भिंग असतं, साच्यात दाबून केलेलं. साच्यावर हत्यार गोल फिरल्याच्या सूक्ष्म रेषा भिंगावर उतरतात आणि गोळ्यात दिसतात. महागड्या लेन्सवाले आता या साच्याच्या गुळगुळीतपणावरच जाहिरात करतात. तुमच्या चार नावांपैकी एसटीएम, ८५ आणि हेलिऑसमध्ये असलं भिंगच नाही, म्हणून कांदाही नाही.

बांगडी मात्र मूळ घडणीतली. गोलीय दोष म्हणा हवं तर, पण सोप्यात असं: भिंगाच्या कडेतून येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत. ही चूक एका बाजूला राहिली तर मागचा गोळा मध्ये दाट आणि कडेला विरत जाणारा येतो. डिझायनरने चूक जरा जास्तच दुरुस्त केली तर उजेड कडेला साचतो आणि बांगडी होते. गंमत म्हणजे जी लेन्स मागे मऊ, ती पुढच्या धूसर वस्तूंना कडक करते. निकॉनने १९९० साली १३५ मिमी एफ २ डीसी काढली, तिच्यात हा दोष हवा तसा पुढे-मागे फिरवायची वेगळी रिंगच दिली होती. बांगडीवाल्या लेन्सने झाडाच्या काड्या मागे घेऊन बघा, एका फांदीच्या दोन दिसतील. जपान्यांनी त्यालाही नाव ठेवलंय, निसेन-बोके, म्हणजे दुरेघी.

क्लिकक्लिक

मध्येच घुसतो, माफी. माझा कॅमेरा मिररलेस. भर दुपारी गुलमोहराखाली बायकोचे फोटो काढले, ८५ एफ १.४ वाइड ओपन, म्हणजे १.४ वरच. पानांतल्या कवडशांचे गोळे एका बाजूने सपाट कापलेले! लेन्स पडलेली नाही. सेवा केंद्रात नेऊ का?

जुनाभिंग

शटर स्पीड किती होता?

क्लिकक्लिक

सेकंदाचा ४००० वा भाग.

जुनाभिंग

मग लेन्स कुठे नेऊ नका. मेनूत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन चालू असेल. पहिला पडदा सेन्सरवरच, दुसरा खरा हलणारा आणि सेन्सरच्या जरा पुढे. दोघांमधली फट एवढ्या स्पीडला अगदी चिंचोळी, आणि ते एका पातळीवर नसल्याने मोठ्या अ‍ॅपर्चरच्या गोळ्याचा एक काठ खाल्ला जातो. पूर्ण मेकॅनिकल शटर लावा. काही मॉडेलमध्ये तो पर्यायच नाही, तिथे एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावून स्पीड खाली आणा.

क्लिकक्लिक

गेलं! तीन महिने लेन्सला शिव्या घातल्या होत्या.

राजारामपुरी_बॉय

ताई, डोळे झाकून ८५ घ्या. नाद खुळा लेन्स. ५० ला तो फील नाही.

भिंगरी

हेलिऑस ४४-२ माझ्याकडे आहे म्हणून सांगते. ५८ मिमी एफ २, जर्मन त्साइसच्या बायोटार लेन्सवरून बेतलेली, मागची पानं गरगर फिरल्यासारखी येतात. पण तो भोवरा कोपऱ्यांतच असतो. तुमच्या क्रॉप (लहान) सेन्सरवर कोपरे कापले जातात आणि उरतो निम्मा भोवरा. फोकस हाताने, आणि अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा: एक आकडा ठरवायला, दुसरी उघडझाप करायला. डोहाळजेवणात ओटी भरताना हे करत बसलात तर सासूबाई कॅमेरा काढून घेतील. सुट्टीत खेळायला घ्या.

जुनाभिंग

राजारामपुरी, ८५ उत्तम आहे, वादच नाही. उजळ दागिन्यांच्या कडेला वाइड ओपन जांभळी झाक मारते, एवढं सोडलं तर. पण ताईंचा हॉल केवढा आहे? ताई, झोपाळा ते भिंत अंतर किती, आणि तुम्हाला मागे सरकायला जागा किती?

घाटावरची

आत्ता टेप लावून मोजलं. झोपाळा ते भिंत दोन फूट. समोर सोफा सरकवला तर बारा फूट मिळतील. आणि हो, फिल्टर लावलेला होता. दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारला होता.

जुनाभिंग

मग हिशेब करू. लेन्सची लांबी भागिले एफ आकडा म्हणजे आत उजेड घेणाऱ्या तोंडाचा व्यास. ५० ला १.८ ने भागलं की २८ मिमी, ८५ चं ४७. मागचा दिवा खूप लांब असेल तर त्याचा गोळा चेहऱ्याच्या पातळीवर मोजला असता बरोबर या व्यासाएवढा येतो. म्हणजे घाटावर पलीकडच्या काठावरचा दिवा ५० मध्ये दहा रुपयाच्या नाण्याएवढा, ८५ मध्ये पाणीपुरीच्या पुरीएवढा. इथे राजारामपुरी शंभर टक्के बरोबर.

दिवा जवळ असेल तर त्या व्यासाला एका अपूर्णांकाने गुणायचं: माणसापासून दिव्याचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून दिव्याचं अंतर.

तुमच्या कॅमेऱ्यावर कमरेच्या वरचा उभा फोटो घ्यायला ५० मिमी साधारण २.१ मीटरवर, ८५ मिमी साडेतीन मीटरवर न्यावी लागेल. भिंत झोपाळ्यामागे ६० सेंमी. ५० चा गोळा येतो ६.२ मिमी. ८५ चा ६.९. इतके पैसे घालून पाऊण मिलिमीटरसुद्धा मिळत नाही! आणि ८५ ने साडेतीन मीटर म्हणजे तुमचे साडेअकरा फूट तिथेच संपले. झोपाळ्यासकट उभी बाई पायापर्यंत घ्यायची तर ८५ ला पंचवीस फूट लागतात, ५० ला पंधरा.

आता भिंत तीच, लेन्स तुमची जुनीच, पण झोपाळा भिंतीपासून दोन मीटर पुढे घ्या. गोळा साडेतेरा मिमी. दुपटीहून जास्त, खर्च शून्य.

अजून एक. १.८ वर तुमची फोकसमधली नेमकी पट्टी दोन्ही लेन्सना सारखीच, जेमतेम बारा सेंमी, नाकापासून कानामागेपर्यंत. जोडप्याचा फोटो घेताना दोघांची डोकी एका रेषेत आणा, म्हणजे २.८ वर जायची आणि पंचकोनांची वेळच येणार नाही.

राजारामपुरी_बॉय

जुनाभिंग सर, गणिताने फील मारला तुम्ही. पण पटलं.

तिरुपतीचालाडू

खरं लोणी हवं असेल तर मिनोल्टाची १९९९ ची १३५ एसटीएफ बघा. आत एक भिंग कडेकडे काळसर होत जातं, म्हणून गोळ्याची कड विरघळते. नंतर फुजीने ५६ एफ १.२ एपीडीमध्ये आणि कॅननने आरएफ ८५ एफ १.२ डीएसमध्ये त्याच अंगाने काम केलं.

जुनाभिंग

बघायला सुंदरच. पण तो काळसरपणा उजेडही खातो. मिनोल्टाची ती एफ २.८ आहे आणि उजेड देते ४.५ एवढा, वर फोकस हाताने. ताईंच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत हो.

देवगडकर

ताईनु, सेकंडहँड घेणार असाल तर एक सांगतो, आमच्या खाऱ्या दमट हवेत शिकलोय. लेन्स हातात घेऊन टॉर्चने बघणं ठीक, पण बुरशी गोळ्यात जास्त पकडली जाते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलला सुईने एक भोक पाडा, मोबाइलच्या टॉर्चवर ते गुंडाळा, खोलीत अंधार करा. टॉर्च चार मीटरवर, फोकस हाताने एक मीटरवर आणा आणि फोटो काढा. मोठा पांढरा गोळा येईल. आतली धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते, ओरखडा रेघेने, आणि बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांगलेले धागे. मी एकदा बाहेरून चकाचक दिसणारी लेन्स घेऊन आलो नि रात्री हे करून बघितलं. गोळ्यात अख्खं मकडीचं घर. त्याच फोटोत बांगडी आणि कांदाही कळतो, टॉर्च कोपऱ्यात ठेवून काढला तर बोक्याचा डोळाही. विकणाऱ्यासमोरच करा, लाजू नका.

घाटावरची

काल रात्री ही फॉइलची परीक्षा केली. माझ्या ५० च्या गोळ्यात तीन ठिपके आणि एक केसासारखं काहीतरी. बुरशी नाही. बांगडी आहे, पण १.८ वर पुसट, २.८ ला ठसठशीत. किट लेन्सचा कांदा तर मुलांनाही दाखवला, त्यांना तो अमीबा वाटला.

झोपाळ्याचं मात्र अडलंय. कडी स्लॅबमध्ये पक्की आहे, दोन मीटर कुठला, दोन इंच हलणार नाही.

भिंगरी

झोपाळा हलत नसेल तर तुम्ही हला. समोर काय आहे? मागे भिंत हवी असं कुठे लिहिलंय?

घाटावरची

आडव्या बाजूला बाल्कनीचं सरकतं दार आहे. झोपाळ्यापासून बाल्कनीचं ग्रिल बारा-तेरा फूट. माळा भिंतीऐवजी ग्रिलवर बांधल्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले तर?

जुनाभिंग

चार मीटर धरू. गोळा १८ मिमीच्या वर. ८५ घेऊन भिंतीसमोर बसला असता त्याच्या अडीचपट. फिल्टर काढा, १.८ वर ठेवा, दिवेलागणीला सुरू करा म्हणजे बाहेर थोडं निळं आकाश उरलेलं असेल.

घाटावरची

झालं काल. उशिरा लिहितेय, पातेली आवरण्यात वेळ गेला. झोपाळा तिथेच, माळा ग्रिलवर, मी ओट्याला टेकून. जुन्याच ५० ने काढले, सगळे १.८ किंवा २ वर. २ ला पाच कोपरे किंचित डोकावतात, पण शोधले तरच. हिरवा ठिपका एकही नाही. जावेच्या नाकातल्या नथीपासून मागे सगळं सोनेरी गोळ्यांत विरलंय, हिरव्या चुड्याच्या मागे एक गोळा असा आलाय की मला तो छापून लावायचाय. पंचवीस हजार बाजूला ठेवलेत, पुढच्या त्रिपुरीच्या आधी ८५ शोधीन. देवगडकर, फॉइल जपून ठेवलंय.

सासूबाईंना फोटो दाखवले. चष्मा लावून नीट बघितले आणि म्हणाल्या, "सूनबाई, माळांना एवढे पैसे घातले, त्या तेवढ्या दिसेनात बघ. एक साधा मोबाइलवर काढायचा होतास."

तिसरीघंटा

काढलात ना मग मोबाइलवर?

घाटावरची

काढला. फॅमिली ग्रुपवर तोच गेलाय.