३२०० ची रॅम २१३३ का दिसते

एकाने विचारलंय की नवी ३२०० वेगाची रॅम (कॉम्प्युटरची मेमरी) विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २१३३ का दिसतेय, आणि उत्तरात बरेच जण 'दुकानदाराने फसवलं, परत करा' म्हणताहेत. कृपया घाई करू नका. डीडीआर४ या प्रकारच्या रॅमची पट्टी आधी १.२ व्होल्टवर, जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या वेगानेच सुरू होते. स्टिकरवर ३२०० सोबत १.३५ व्होल्ट छापलं असेल, तर तो एक्सएमपी या पट्टीतच साठवलेल्या प्रोफाइलचा वेग, म्हणजे कंपनीने तपासून दिलेलं ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं). बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ते प्रोफाइल चालू करा. व्होल्टेज आपोआप लागतं, हाताने आकडे भरू नका.

मग सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसेल. तेही बरोबरच आहे; तो क्लॉकचा वेग आहे, आणि क्लॉकच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून ३२००.

३६०० च्या मोहात पडण्याआधी सीएल बघा, म्हणजे डेटा मागितल्यावर तो यायला क्लॉकचे किती ठोके लागतात तो आकडा. ३२०० सीएल१६ काय आणि ३६०० सीएल१८ काय, दोन्हीकडे थांबण्याचा हिशेब १० नॅनोसेकंदांचाच. बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) वाढते हे खरं, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका पट्टीऐवजी दोन लावून ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांकडून एकाच वेळी डेटा) मिळवणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

प्रोफाइल लावल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली, तरी बायोसमध्ये वेग सरळ २९३३ वर उतरवा.