रविवारच्या उपासनेत उमेदवाराला पाच मिनिटं द्यायची का?

नगरची_लेक
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची मंडळी (म्हणजे चर्च) नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, मी तिचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत आहे म्हणून विचारतेय. 13 मे 2024 ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान. काल एका उमेदवाराची माणसं पाळकसाहेबांकडे येऊन गेली, म्हणे साहेब 12 तारखेला रविवारी उपासनेला येतील, आशीर्वाद घेतील आणि दानार्पणाच्या आधी आपण सूचना देतो ना तेव्हा फक्त पाच मिनिटं बोलतील. जाता जाता कब्रस्तानाच्या कंपाउंडचा विषयपण काढला, निवडून आलो की पहिलं काम तेच. आता कब्रस्तानाला भिंत नाही हे खरंय, गुरं सरळ आत येतात, मागच्या पावसाळ्यात तर पुरून आठवडा नाही झाला त्या मातीवर बैल बसलेला बघितलाय मी. त्यामुळे कमिटीतले निम्मे म्हणतात येऊ द्या, आपलं काय जातंय. खजिनदार काका तर म्हणतात सगळ्या मंडळीची एकगठ्ठा मतं देतो म्हणून शब्दच देऊन टाका. तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळाच तमाशा, फॉरवर्डवरून एवढी जुंपली की एक घर उपासनेला यायचंच बंद झालं. ख्रिस्ती माणसाने इलेक्शनमध्ये वागायचं तरी कसं? वचन सांगा, कायदा सांगा, पण इथे पक्षांची भांडणं नकोत प्लीज.

इलेक्शनड्युटीवाला_मास्तर
ताई, नोकरीभर इलेक्शन ड्युटी केली आहे म्हणून आधी कायद्याचं सांगतो. मतदान सोमवारी संध्याकाळी 6 ला संपणार, त्याच्या आधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद. म्हणजे शनिवारी संध्याकाळी 6 ला भोंगे बंद झाले की रविवारी सकाळी चर्चमध्येच काय, चौकातही भाषण करता येत नाही. हे त्या माणसांना माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. आणि रविवार सोडून दुसरा वार धरलात तरी आचारसंहितेत चर्च, मशीद, मंदिर प्रचाराला वापरायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय 1988 चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराचा कायदा आहे, त्यात संस्थेची जागा राजकीय कामाला देणारा व्यवस्थापकच अडकतो, पाच वर्षांपर्यंत कैद. उमेदवार भाषण ठोकून गाडीत बसून जाईल, मागे राहणार पाळकसाहेब आणि तुमची कमिटी.

दुसरं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123. अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हासुद्धा त्यात गैरप्रकार आहे. आपल्याकडे काही प्रवचनकार अगदी त्या काठापर्यंत जाऊन येतात. धर्माच्या नावावर मत मागण्याचा निकालही आपल्या मुंबईतलाच, 1990 ची सांताक्रूझ विधानसभा, अभिराम सिंग विरुद्ध कॉमाचेन. सुप्रीम कोर्टात सात न्यायाधीशांपुढे चालून 2017 च्या जानेवारीत 4 विरुद्ध 3 ने ठरलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी ते चालणार नाही.

एकगठ्ठा मतांचं तर विचारूच नका. मत गुप्त असतं पण बूथनिहाय आकडे फॉर्म 20 मध्ये बाहेर येतात. शब्द दिलात आणि तेवढी मतं पडली नाहीत तर पुढची पाच वर्षं प्रत्येक कामाला तेच ऐकून घ्यायचं. आणि सुनेचं, म्हाताऱ्या आईचं मत खजिनदार कुठल्या अधिकाराने देणार?

बावखल_वसई
मास्तर, कायदा पाठ आहे तुमचा, मान्य, पण मला हे सगळं जरा सोयीचं वाटतं. महाराष्ट्रात आपण किती, 2011 च्या जनगणनेत 10.8 लाख, एक टक्का पण नाही. एवढ्याशा समाजाने पण गप्प बसायचं आणि नुसती प्रार्थना करायची? आमच्या वसईत हरित वसईची चळवळ झाली तेव्हा फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले होते ना, जमीन आणि पाण्यासाठी, दादागिरीच्या विरोधात. तेव्हा वेदीमागे लपले असते तर आज एक वाडी शिल्लक राहिली नसती. उमेदवार स्वतः दारात आलाय तर विचारा की त्याला भिंत कधी, पाणी कधी.

इलेक्शनड्युटीवाला_मास्तर
@बावखल विचारायला कोण नको म्हणतंय हो. हरित वसईत हिंदू शेतकरी पण होतेच की, ती सगळ्या तालुक्याची लढाई होती. कुणा एका चिन्हासाठी चर्चचा माईक मागायला नव्हते आले ते. उमेदवाराला गावात गाठा, प्रचारफेरी दारावरून जाते तेव्हा थांबवा, चार बायका पुढे होऊन विचारा. फक्त वेदीजवळ नको.

पुणे_कॅम्प_युथ
मला कायद्याच्या आधी बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला. सभेत सोन्याची अंगठीवाला येतो, त्याला चांगली जागा देतात आणि गरिबाला तिकडे उभा राहा म्हणतात. आपल्याकडे नेता आला की डिट्टो हेच, पहिल्या बाकावरच्या आजीला उठवून खुर्ची, टॉवेल, शाल, नारळ 😅 माणूस उपासनेला येतो म्हणत असेल तर येऊ दे ना, देवाचं घर आहे, पण चप्पल काढून मागच्या सतरंजीवर बसू दे सगळ्यांसारखं, गळ्यात पक्षाचा पट्टा नाही, फोटोग्राफर नाही. अर्धे तर एवढं ऐकूनच येणार नाहीत. ग्रुपचं म्हणाल तर आमच्याकडे मतदान होईपर्यंत ओन्ली ॲडमिन केलंय, फक्त वचन आणि उपासनेची वेळ. पोरांनी शिव्या घातल्या, घालू दे.

नगरची_लेक
हे आवडलं 😀 पण प्रार्थनेचं काय करायचं? पाळकसाहेब म्हणतात 1 तीमथ्य 2 प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना तर करायलाच हवी, मग काका म्हणतात की मग याच साहेबांचं नाव घेऊन करा.

बावखल_वसई
नाव कुणाचंच नको, तेवढं मी पण मानतो. आमच्या कॅथलिक बिशप कॉन्फरन्सने 22 मार्चला देशासाठी उपवास आणि प्रार्थनेचा दिवस ठेवला होता, त्यात कुठल्या पक्षासाठी बिलकुल नव्हतं. पण शांतता-शांतता एवढंच मागून पण थांबू नका राव, न्याय पण मागा.

इलेक्शनड्युटीवाला_मास्तर
आणि ज्यांचं नाव कुणी घेत नाही त्यांचं घ्या की. 12 तारखेला सकाळी तुमच्या मंडळीतले शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बायका तालुक्याला मशीन घ्यायला रांगेत असतील, दुपारी एसटीने केंद्रावर, रात्री शाळेच्या फरशीवर झोप, पहाटे साडेपाचला मॉकपोल, म्हणजे मशीनची चाचणी. माझ्या किती उपासना अशा बुडाल्या. भर उन्हाळ्यात पाण्याची बाटली नेऊन दिलीत तरी चालेल, मात्र खिशाला कुठलं चिन्ह लावून जाऊ नका म्हणजे झालं.

भिंतीचं वेगळं सांगतो. त्यासाठी खासदाराचे पाय धरायची गरज नाही. जिल्हा परिषदेकडून जनसुविधेचा निधी येतो, त्यात दहनभूमी दफनभूमीची कामं बसतात. ग्रामसभेचा ठराव लागतो आणि जागेचा उतारा. आचारसंहिता उठली की पहिल्या ग्रामसभेला मंडळीतले सगळे जा. आपले लोक नेमके तिथेच नसतात, उमेदवार आला की मात्र सगळे हजर. बायबलातल्या निर्गम पुस्तकात लाचेने डोळस आंधळे होतात म्हटलंय, ते नुसतं पाकिटाबद्दल नाही, हक्काची भिंत कुणी उपकार म्हणून देऊ केली तरी तेच.

नगरची_लेक
काल मीटिंग झाली. पाळकसाहेबांनी फोन करून सांगितलं की उपासनेला या, बोलायला मिळणार नाही. तिकडून कळवतो म्हणाले. खजिनदार काका रागावलेत, मी आलो नाही तर वर्गणीचा हिशोब कोण मांडतो बघतोच म्हणालेत. जे घर येत नव्हतं त्यांच्याकडे मी आणि पाळकबाई उद्या जातोय, फॉरवर्ड टाकणारा पोरगापण यायला तयार आहे, म्हणतो सॉरी म्हणेन पण मत बदलणार नाही 🙂 मास्तर, तो उतारा तलाठ्याकडेच मिळेल ना? जागा जुन्या मिशनच्या नावावर आहे बहुतेक.

इलेक्शनड्युटीवाला_मास्तर
सातबारा तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन. मिशनच्या नावावर असेल तर विश्वस्तांचं संमतीपत्र आधी घेऊन ठेवा, कामं तिथेच अडकतात. तलाठी पण सध्या इलेक्शनच्या कामात असेल, 4 जूनच्या मतमोजणीनंतर जा.