मदत हवी आहे: हडळीच्या हातात कोयता, आत सोडतील का?

चिपळूणचा_बाबा: शनिवारी जायचंय, उत्तर लवकर हवंय. लेक हडळ होणार आहे. हिरवं लुगडं, मोकळे केस, उलटे पाय, सगळी तयारी झाली. हातात कोयता हवाच म्हणते. कोयता घरात आहे. आत नेता येतो का? हो की नाही, एवढंच सांगा.

मिरची_ठेचा: आत म्हणजे कुठे? गॅदरिंग असेल तर बाईंना विचारा.

नदीकाठ: कोयता खरा की खोटा? लेक केवढी? गाव कुठलं? अहो, मनातलं ओळखायला आम्ही काय वेताळ आहोत?

चिपळूणचा_बाबा: कॅलिफोर्नियातलं लाँग बीच, तिथली हॅलोविनची जत्रा, मिडसमर स्क्रीम. आणखी कुठे असणार? लेक 13 वर्षांची. कोयता आजोबांचा, लोखंडी. पण धार काढलेली नाही हो.

मिरची_ठेचा: हॅलोविन ऑक्टोबरात असतो ना? ऐन उन्हाळ्यात कसली भुतं?

ऑरेंजकाउंटी_काकू: तीच तर गंमत आहे. हॅलोविनवेड्या लोकांना ऑक्टोबरपर्यंत दम निघत नाही, म्हणून 2016 पासून ही जत्रा भर उन्हाळ्यात भरते. मोठ्या थीम पार्कांचे लोकही इथेच येऊन यंदा काय काय भीतीदायक करणार ते सांगतात. मी दोनदा गेलेय. बाबा, कोयता घरीच ठेवा. दारात बॅगा तपासतात. धार नाही वगैरे तिथे कोण ऐकणार? परत गाडीत ठेवायला जाल आणि रांगेतली जागा गमावाल.

पुठ्ठेवाला: पुठ्ठा कापा, वर चांदीचा कागद. अर्ध्या तासात कोयता. आमच्या मंडळाची सगळी शस्त्रं अशीच व्हायची.

नदीकाठ: घामाने दुपारपर्यंत लोळागोळा होईल तो. ईव्हीए फोमची जाड शीट आणा, हीट गनच्या गरम हवेने शेका, फेव्हिकॉलचे दोन हात द्या, मग रंग.

पुठ्ठेवाला: एका दिवसासाठी हीट गन? पैसे झाडाला लागलेत का?

नदीकाठ: मग आणा तुमच्या मंडळाची गदा.

ऑरेंजकाउंटी_काकू: कोयत्याचं जाऊ द्या, उलटे पाय म्हणजे नक्की काय केलंय?

चिपळूणचा_बाबा: जुन्या बुटांच्या टाचांना पुढचे भाग चिकटवलेत. घरात दहा पावलं चालली, छान दिसतं.

ऑरेंजकाउंटी_काकू: दहा पावलं! तिथे दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर चालायचंय. हॉल ऑफ शॅडोज या भुतांच्या दालनात तर काळोख, धूर, आणि गुडघ्याला पॅड बांधलेली भुतं जमिनीवरून ठिणग्या उडवत घसरत अंगावर येतात. दचकून एक पाऊल मागे गेली की पोरगी पडलीच. साधे बूट घालू द्या, वर कापडाची खोटी पावलं उलटी शिवा.

समुद्रपक्षी: लाँग बीचला जाताच आहात तर क्वीन मेरी हे जुनं जहाज बघा. 1967 पासून तिथेच नांगरलेलं आहे, म्हणे झपाटलेलंही.

मिरची_ठेचा: म्हणे! माझ्या मावशीच्या वाड्यात खरा मुंजा होता. पिंपळाखाली.

नदीकाठ: मुंजासाठी वेगळा धागा काढा. बाबा, गाडीने जाताय का? पार्किंगपेक्षा मेट्रोची ए लाइन बरी, लाँग बीच डाउनटाउनला उतरून चालत जाता येतं.

चिपळूणचा_बाबा: हडळीला घेऊन मेट्रोत?

नदीकाठ: त्या दिवशी तुम्हीच वेगळे दिसाल, ती नाही.

ऑरेंजकाउंटी_काकू: आणि काळ्या मांजरांची खोली चुकवू नका. दत्तकही देतात.

चिपळूणचा_बाबा: फोम आणला. पावलं बायको शिवतेय. लेकीला मांजरांचं सांगितलं ती चूक झाली, आता कोयता विसरली आणि मांजर हवंय म्हणते. भाड्याच्या घरात मांजर ठेवता येतं का?

मिरची_ठेचा: कुठलं घर?