एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर बंद करून गाडी नागपूरपर्यंत न्यावी का?

पांदणवाट
मुक्काम पांढरकवड्याजवळ. गाडी २००८ ची, डिझेल, फोर बाय फोर, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे, ते कॉम्प्रेसर भरतो). कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. चार वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली तेव्हा घरचे सगळे 'बोलेरो घे' म्हणत होते.

पंधरा दिवसांपासून रोज सकाळी मागची डावी बाजू बसलेली असते, गाडी सुरू केली की उचलते. परवा रात्री दोनला अंगणातून घर्रर्र आवाज. किल्ली घरात खुंटीला आणि कॉम्प्रेसर चालूच! सकाळी बॅटरी झोपलेली. ट्रॅक्टरची बॅटरी लावून सुरू केली, आता निगेटिव्ह काढून ठेवलाय.

गावातले मिस्त्री म्हणतात, हे सगळं फेका आणि स्प्रिंगा टाका. नागपूर इथून दीडशेक किलोमीटर. कॉम्प्रेसर बंद कसा करू, आणि तसाच बंद ठेवून एवढं अंतर नेऊ का? मृग लागायच्या आत उरकायचं आहे. पाऊस पडल्यावर आमची काळी माती बैलगाडीलाही सोडत नाही.

तेराचा_पाना
किल्ली काढल्यावर थोडा वेळ वाजला तर काही गाड्यांत ते चालतं. थांबतच नाही म्हणजे रिले (कॉम्प्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटलाय. कुठेतरी हवा गळते, म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालतो, रिलेचे पॉइंट तापतात आणि शेवटी एकमेकांना डकतात. मग गाडीतला कॉम्प्युटर 'बंद कर' म्हणो की काही म्हणो, करंट जातच राहतो.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघा. कॉम्प्रेसरचा रिले आणि त्याचा जाड फ्यूज सापडेल. निगेटिव्ह लावा, आवाज सुरू झाला की तो रिले उपसा. आवाज थांबला तर निदान झालं. त्याच नंबरचा नवा रिले स्वस्तात मिळतो. जुना ठोकून परत बसवू नका, आज सुटेल आणि उद्या पुन्हा चिकटेल.

वऱ्हाडी_गिअर
भाऊ, निस्ता रिले काढू नका. मी काढला होता अन् झोपलो. सकाळी पाहतो त गाडी चारही पायावर बसलेली, म्हशीवानी. हवा भराले कॉम्प्रेसर लागते, सोडाले लागत नाही. एक कोपरा बसला की कॉम्प्युटर बाकीचे तीन त्याच्या बरोबरीले आनते. म्हनून सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरचा फ्यूज बी काढाच लागते. त्याले करंट नसला की व्हॉल्व्ह बंद राह्यतात, हवा जिथल्या तिथं.

आधी सपाट जागेवर, दारं लावून, गाडी नेहमीच्या उंचीवर येऊ द्या. मंग इंजिन बंद करून लगेच कॉम्प्युटरचा फ्यूज, त्याच्यामागं रिले. मीटरवर पिवळे दिवे लागतीन, लागू द्या. पण तो फ्यूज दुसऱ्या कशाले तर जोडलेला नाही ना, हे मॅन्युअलमंधी पाहून घ्या.

सातपुडा४५
वरचं बरोबर आहे, पण त्यांची मागची डावी गळते, ती फ्यूज काढूनही गळणारच. वाटेत बसली तर गाडी रबरी स्टॉपरवर आदळत जाईल, टायर मडगार्डला घासेल. तशी वीसच्या स्पीडने जवळच्या गॅरेजपर्यंत न्या, नागपूरपर्यंत नाही.

आधी साबणाचं पाणी करा. फुगा, वरचा जोड, नळी, व्हॉल्व्ह ब्लॉक (फुग्यांचे व्हॉल्व्ह असतात तो भाग), सगळीकडे ब्रशने लावा. फुग्याच्या घडीत भेग असेल तर गाडी पूर्ण उचलल्यावरच दिसते. आणि हात जोडून सांगतो, हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. चाकांना अडवायला उटी लावा, चासीखाली सागाचे जाड ठोकळे द्या. हवा सुटली की गाडी सांगून खाली येत नाही.

पांदणवाट
रिले काढला, आवाज बंद. प्लास्टिक एका बाजूने काळं पडलंय.

गळती सापडली. फुगा चांगला आहे. मागच्या मडगार्डच्या आत नळी उंदराने कुरतडलीय, साबणाचे बुडबुडे तिथूनच. मागच्या बाजूला सरकीची पोती ठेवलेली असतात, त्यामुळे पाहुणे येणारच. नळी ठिबकच्या नळीएवढीच दिसते. घरात ठिबकचे जोड पडलेत, टाकू का?

सातपुडा४५
नका टाकू! ठिबक एक-दीड बारवर चालतं. इथे आठ-दहा बार सहज असतात. पहिल्याच खड्ड्यात जोड उडेल.

तेराचा_पाना
जिनिंग फॅक्टरीला हवेच्या लाइनीचं सामान देणारं दुकान गाठा, वणीत किंवा हिंगणघाटला मिळेल. दाबून बसवायचा न्यूमॅटिक जोड मागा. कुरतडलेला भाग धारदार ब्लेडने सरळ काटकोनात कापा, करवतीने कापलं तर कडेला बुर राहते आणि तिथूनच गळते. कापण्याआधी त्या कोपऱ्यातली हवा सोडावी लागेल, ठोकळे तेव्हा लावायलाच लागतील.

स्प्रिंगांचं माझं मत: आत्ता नाही. फुगा शाबूत असताना पूर्ण किट कशाला? पण पुढे दोन-तीन फुगे एकदम गेले तर मिस्त्री चुकीचं सांगत नाहीयेत. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र) दीडशे किलोमीटरवर असेल तर साधी स्प्रिंग परवडते.

वऱ्हाडी_गिअर
मले नाही परवडली. स्प्रिंगा टाकल्या अन् पह्यल्याच पावसात वावराच्या धुऱ्यावर गाडीचं पोट टेकलं. आधी बटन दाबलं की उचलत होती.

पांदणवाट
जोड बसवला, नवा रिले लावला. दोन रात्री झाल्या, गाडी खाली बसली नाही. फक्त खालून वर यायला आधीपेक्षा बराच वेळ लागतो. कॉम्प्रेसर गेला का?

तेराचा_पाना
इतके दिवस गळती भरून काढताना त्याची पिस्टन रिंग झिजली असेल. रिंगचं किट वेगळं मिळतं, अख्खा कॉम्प्रेसर घ्यायची घाई नको. उघडलाच तर ड्रायरमधले, हवेतली ओल शोषणारे दाणे पण बदला, ते ओलसर झाले की पाणी थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं. नागपूरला न्यायला आता हरकत नाही, फक्त सामान भरू नका आणि उंची सारखी वरखाली करत बसू नका. काढलेला जुना रिले खिशात ठेवा. दुकानात नंबर तोंडी सांगितला की हमखास दुसराच देतात.