सकाळी एकदा सॅनिटायझर लावला की रात्रीपर्यंत भागतं का?

गूळशेंगदाणा (सांगली)
आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर मी नाहीतर आप्पा. गेल्या महिन्यात एक सेल्समन डझनभर बाटल्या ठेवून गेला. वर ढालीचं चित्र, खाली '२४ तास संरक्षण'. आप्पांनी ते फारच मनावर घेतलंय. शटर वर केलं की दोन थेंब तळहातावर, लगेच देवापुढे उदबत्ती, आणि मग रात्री नऊपर्यंत नोटा, सुट्टे पैसे, गुळाची ढेप, सुतळी सगळं त्याच हातांनी. चार वाजता भडंगही. हात धुवा म्हटलं की बाटली दाखवतात, "छापलेलं खोटं असतंय व्हय?" खरंच एवढा वेळ टिकतं का?

ओटीसिस्टर (मिरज)
ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

अल्कोहोलचा सॅनिटायझर हात ओले असेपर्यंतच काम करतो. जंतूंची प्रथिनं बिघडवतो आणि अर्ध्या मिनिटात उडून जातो. मागे काही उरतच नाही, मग रात्रीपर्यंत राखण करणार कोण? आप्पांनी पहिली नोट हातात घेतली की झालं, पुन्हा पहिल्यापासून.

टिकणारं औषध नसतंच असं नाही. सर्जन कोपरापर्यंत हात घासतात त्या क्लोरहेक्सिडीनचा अंश कातडीवर राहतो आणि काही तास जंतूंची वाढ रोखतो. तरीसुद्धा पुढच्या केसला हात पुन्हा घासायचे, वर हातमोजे घालायचे ते वेगळंच. "सिस्टर, आत्ताच तर केलं होतं" म्हणणाऱ्या कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना मी दारातूनच बेसिनकडे परत पाठवलंय.

आणि दोन थेंबांनी काय होतंय? तळहाताचा खळगा भरेल एवढा घ्यायचा, बोटांच्या बेचक्यांत, नखांपाशी, अंगठ्याला २०-३० सेकंद चोळायचा, आपोआप वाळू द्यायचा. पण तुमच्या हातांना गुळाचा चिकटा आणि तेल. त्या थराखाली तो नीट पोचत नाही. तिथे साबण आणि पाणीच. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवरही अल्कोहोलचा भरवसा धरू नका, साबणाने तो निदान हातावरून वाहून तरी जातो. भडंगाआधी आप्पांना नळाखाली उभं करा.

मळीवाला (कोल्हापूर)
उदबत्तीचं वाचून दचकलोच! हात पूर्ण वाळल्याशिवाय काडी ओढू देऊ नका. अल्कोहोलची ज्योत उजेडात धड दिसतही नाही, चटका बसल्यावरच कळतं.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. २०२० मध्ये आम्हीही सॅनिटायझर बनवला, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५, बाकी पाणी. यातलं पेरॉक्साइड हातासाठी नसतं, बाटलीतच चुकून शिरलेले बीजाणू मारायला असतं. म्हणून भरल्यावर ७२ तास माल हलवायचा नाही. गेटवर लोक म्हणायचे, "साहेब, पाणी कशाला घालताय, कडक द्या की." अहो, प्रथिनं बिघडवायला पाणी लागतंच. निव्वळ अल्कोहोल उलट कमी पडतं.

शंकेखोर
मग २४ तास छापणारे काय हवेत छापतात?

ओटीसिस्टर
बाटलीची मागची बाजू बघा. अल्कोहोलऐवजी बेंझाल्कोनियम क्लोराइड असेल तर त्याचा थोडा अंश हातावर राहतो, त्याच्या जोरावर असे दावे करतात. पण हात धुतले, घाम आला, पोती उचलली की तो किती उरणार? अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये अशाच २४ तासांच्या दाव्यावरून एका कंपनीला इशारापत्र धाडलं होतं. आणि '९९.९ टक्के' वाचून हुरळू नका. दहा लाखांतले हजार उरतातच.

गूळशेंगदाणा
मागची बाजू बघितली. बारीक अक्षरात ७० टक्के इथेनॉल. म्हणजे २४ तासांचा प्रश्नच मिटला. हे सगळं आप्पांना वाचून दाखवलं. डिस्टिलरीवाल्या भाऊंचं लगेच पटलं, उदबत्ती आता आधी. हजार उरतात हे ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "साबण ठेव नळावर. आणि त्या सेल्समनला फोन लाव, नऊ बाटल्या फोडलेल्या नाहीत."

ओटीसिस्टर
परत नका करू सगळ्या. डिलिव्हरीच्या पोराकडे एक द्या, त्याला वाटेत नळ कुठला मिळतोय.