बोलण्यातल्या खटकणाऱ्या लकबी : तुमचे अनुभव लिहा

पालुपदं प्रत्येकाला असतात. 'म्हणजे काय आहे ना', 'बेसिकली', 'मी काय म्हणतो'. संस्कृत श्लोकांतही च, वै, तु, हि ही अव्ययं कित्येकदा केवळ चरण भरून काढायला येतात, त्यांना पादपूरक असं नावही आहे. तेव्हा शब्द सापडेपर्यंत कुणी 'म्हणजे'चा आधार घेतला तर मला काही वाटत नाही. डोक्यात जातात ती ऐकणाऱ्याला लहान करणारी, त्याचं बोलणं तोडणारी वाक्यं. माझ्या यादीत सगळ्यात वर आहे 'समजतंय ना?'. दर वाक्यामागे एकदा. हेच लोक साहेबांशी बोलताना मात्र एकदाही असं विचारत नाहीत. नुसती सवय असती तर तिथेही तोंडून निसटलीच असती की!

तुम्हाला काय खटकतं? नुसता शब्द नको, कोण कुणाशी कधी बोलतं तेही लिहा.

*

फोनवरचं 'ओळखलं का?'. नंबर अनोळखी, आवाज अनोळखी, आणि नाव सांगायचं सोडून कोडी घालायची. 'नाही' म्हटलं की 'बरोबर आहे, आता कशाला ओळखाल आम्हाला'. म्हणजे फोन त्यांनी केला आणि ओशाळायचं मी. हल्ली मी पहिल्याच वाक्याला शांतपणे 'नाव सांगा' म्हणते.

*

'राग मानू नकोस, पण...'

आणि त्याचंच भावंड, 'मी बाबा स्पष्ट बोलतो'. अशा माणसांना दुसऱ्याने स्पष्ट बोललेलं अजिबात चालत नाही, हे मी घरात आणि कचेरीत दोन्हीकडे पाहिलंय.

*

मला शब्दांचा त्रास होतो, पण थोडा वेगळा. ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवून देणं हे माझं काम. दिवसभर कानात 'अं', 'म्हणजे', 'तर' चालू असतं. सुरुवातीला वैताग यायचा. मग क्लार्क आणि फॉक्स ट्री या दोन अभ्यासकांचा २००२ सालचा एक शोधनिबंध वाचनात आला. त्यांचं म्हणणं, इंग्रजी बोलणारे लहान खंड पडणार असला तर 'अ' म्हणतात आणि मोठा पडणार असला तर 'अम्'. थोडक्यात, 'थांबा, माझं संपलेलं नाही' अशी ती खूण असते. तेव्हापासून 'अं' चालतं. चालत नाही ते 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून अर्धा तास बोलणं.

*

वरचं 'माझं संपलेलं नाही' वाचलं आणि लिहायला बसलो. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला हे असतं, त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी असणारच.

एखाद्या अक्षरावर अडकलो की समोरचा माझं वाक्य पुरं करतो. हेतू चांगला असतो, ते मला कळतं. पण तो जो शब्द घालतो तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. मग आधी तो खोडायचा आणि पुन्हा त्याच अक्षराशी झगडायचं, म्हणजे काम दुप्पट. कंटाळून मी कितीदा त्याच्याच शब्दाला मान डोलावली आहे. बैठकीत मला नको असलेली तारीख माझ्या नावावर लागली ती अशीच.

दुसरं वाक्य, 'सावकाश बोल, श्वास घे'. काय बोलायचं ते डोक्यात लख्ख असतं, गडबड नसते. असं कुणी म्हटलं की सगळ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे जातं आणि घसा आणखी आवळतो.

एरवी संभाषणात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. २००९ साली दहा भाषा तपासून हे मांडलं गेलं. एवढ्या घाईच्या खेळात माझी चार सेकंदं समोरच्याला जड जातात, हे मान्य. तेवढी द्या. डोळ्यांत बघा आणि थांबा.

*

रुग्णालयात परिचारिका आहे. 'आपण गोळी घेतली का?', 'शहाणं बाळ ना तू?' ही वाक्यं पंचाहत्तरीच्या माणसांना ऐकवली जातात, तीही चढ्या, लाडिक आवाजात. ज्यांनी आयुष्यभर संसार ओढले, माणसं सांभाळली, त्यांना! या बोलण्याला एल्डरस्पीक म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांशी असं बोललं की ते अंघोळीला, औषधाला जास्त विरोध करतात, असं अभ्यासात दिसलंय, आणि वॉर्डात मी ते रोज बघते. 'काका, गोळीची वेळ झाली, आता देऊ?' एवढं पुरतं.

*

बाळ गेलं तेव्हा 'जे होतं ते चांगल्यासाठीच'. अजूनही हे वाक्य कुणी कशाहीबद्दल म्हटलं तरी मी खोलीतून उठून जाते.

*

'हं, बोल तू, ऐकतोय मी.' नजर मोबाइलमध्ये.

*

मला कमी ऐकू येतं, यंत्र लावते. माझं वाक्य आहे 'जाऊ दे, काही विशेष नाही'. सगळे हसतात, मी 'काय झालं?' विचारते, आणि हे उत्तर येतं. विशेष आहे की नाही ते मला ठरवू द्या ना. घरच्यांकडून हे आलं की जास्त लागतं.

पुन्हा सांगायचा कंटाळा का येतो तेही समजतं, कारण तेच वाक्य तीनदा सांगूनही मला कळत नाही. माझ्यासारख्यांना वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून स, श, फ, थ गळतात. त्यावर ओरडून उपयोग नाही, ओरडताना ओठांची ठेवण बदलते आणि ओठांवरून वाचणंही जमत नाही. तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगा, तोंड माझ्याकडे करून, आणि विषय काय चाललाय तो आधी. बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला कळतं.